पहिल्याच वेळी हो

धुळ्यात जर्मन शिकणारी त्या काळी मी बहुधा एकटीच बाई असेन. पती यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले होते आणि पुढेमागे मला बोलावून घेणार होते. आमच्या गल्लीतले एक निवृत्त डॉक्टर तरुणपणी तिकडेच शिकलेले. सारे त्यांना नाना म्हणत. दुपारी त्यांच्या ओट्यावर माझा तास चाले. शेजारी त्यांच्या पत्नी वाती वळत बसत.

पहिल्याच दिवशी नानांनी कप पुढे ठेवून जर्मनमध्ये विचारले, चहा घेणार का. मी मान हलवून नको म्हटले. आल्याची वाफ गालाला लागत होती. नानांनी कप उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.

"नाना, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं."

"तिकडे तसं कुणी म्हणत नाही. हवा असेल तर म्हणायचं, 'या, गेर्न'. हो, आनंदाने. तेही पहिल्याच वेळी."

"पोरीला उपाशी माराल तुम्ही," पत्नी वातीवरची नजर न काढता म्हणाल्या.

शब्द दोनच, पण जिभेला जड. माझ्या माहेरी, जळगावकडे, ताटावर हात आडवा धरल्यावाचून कुणी वाढून घेत नसे. कढीची ऊन धार बोटांवर येईतो 'नको' म्हणायचे. त्या भाजण्यातच माया होती.

पुढे पतींच्या वसतिगृहाशेजारच्या एका बाईंचे पत्र आले. कागदाला अनोळखी साबणाचा मंद वास. माडीवरची खोली रिकामी आहे, दोघे राहायला या, असे त्यांनी लिहिले होते. वसतिगृहात बायकांना जागा नव्हती. ही खोली मिळाली, तरच माझे जाणे होते. मी घोटून घोटून उत्तर लिहिले: आपल्याला कशाला त्रास, आमचे आम्ही पाहू.

नानांनी ते वाचून चष्मा काढला. "अक्षर सुरेख आहे. खोली मात्र दुसऱ्या कुणाला जाईल. त्या पुन्हा विचारणार नाहीत."

मी पत्र घेऊन घरी आले. सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या.

"काय लिखेल शे?"

बाईंचे बोलावणे आणि माझा नकार, दोन्ही मी सांगितले. त्यांचे हात थांबले.

"पन तुले जावानं शे का?"

"तुम्ही म्हणाल तसं, अक्का."

"मी तुले इचारस."

हे मला आजवर कुणी विचारले नव्हते. मीही स्वतःला नाही. इच्छा झाकण्याची सवय इतकी मुरली होती, की मुळात इच्छा आहे की नाही, हेच उमगेना. तव्यावर भाकरी करपू लागली होती.

"हो. मला जायचं आहे."

त्यांनी भाकरी उलटली.

"मंग तसंच लिख," त्या म्हणाल्या. "तठे थंडी पडस. मनी गोधडी लई जाय."

त्यांची स्वतःची गोधडी मी न्यायची? 'असू द्या' ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले.

"जाडी देता का? लाल काठांची?"

"तीच देस," त्या म्हणाल्या, आणि पिठाचा दुसरा उंडा हाती घेतला.