पायाशी आलेलं पाणी

‘पाणी भरून बघितलं,’ असं मी मिलिंदला सांगितलं होतं. बघितलं नव्हतं. लिहायला घेतली तर माझी चूक एवढीच आहे, एका ओळीत मावणारी. पण त्या ओळीने माझ्या मित्राची कितीतरी वर्षं खाल्ली, आणि तो गेल्यानंतर आता मी ती लिहायला बसलोय. त्याच्या हयातीत सांगायला हवी होती, हे वाचणाऱ्यांनी मला सांगायची गरज नाही. ते मी स्वतःला रोज सांगतो.

मिलिंद गेल्याची बातमी आमच्या ट्रेकिंगच्या जुन्या ग्रुपवर आली. त्या ग्रुपवर हल्ली फुलांची चित्रं आणि गुडघेदुखीवरचे उपाय याशिवाय काही येत नाही, म्हणून मी जरा उशिरानेच उघडला. गोरेगावच्या एका स्टुडिओत तो कपडेपट सांभाळायचा. तिथेच कुणाचा तरी अंगरखा उसवून देताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्या वेळी अंधेरीला आमच्या रेनकोटच्या कारखान्यात नेहमीप्रमाणे माल तपासत होतो. रेनकोट उलटा करून शिवणीवरून बोट फिरवत होतो… मेसेज वाचला आणि मनात जो पहिला विचार आला तो लिहिताना लाज वाटते. ‘आता सांगायचं राहून गेलं’ असा तो नव्हता. ‘आता सांगायला नको’ असा होता.

मिलिंद वाकोल्याचा. कुटुंब मूळचं परभणीकडचं, वडील महापालिकेत, घर म्हणजे एक खोली आणि झोपणारे सात. उन्हाळ्यात बाप आणि मुलगे गल्लीत पथारी टाकायचे. पाऊस आला की पथाऱ्या गोळा करून आत यायचं आणि जागा नाही म्हणून भिंतीला पाठ लावून सकाळपर्यंत बसून राहायचं. हे तो हसत सांगायचा, पण त्याचं सगळं वेड तिथूनच आलं होतं असं मला वाटतं. बाहेर झोपायचं आणि पावसाने उठवायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही कॉलेजपासून डोंगरात एकत्र हिंडलो. बाकीचे तंबू ठोकायला लागले की हा लांब जाऊन उघड्यावर सतरंजी पसरायचा. ‘तंबू म्हणजे काय रे नंद्या? परत खोलीच ना! वाकोल्याहून इतक्या लांब आलो ते परत खोलीत घुसायला?’ कुणी म्हणालं, अरे पाऊस येईल, तर म्हणायचा, ‘येऊ दे की. त्याच्यासाठीच तर डोकं चालवतोय.’

चालवतही होता. तंबूशिवाय, कुठल्याही ऋतूत, उघड्यावर झोपता येईल अशी स्लीपिंग बॅग त्याला बनवायची होती. लग्न होऊन तो कांदिवलीला राहायला आला तेव्हा घरात कपाट यायच्या आधी शिलाई मशीन आलं. खाली जाड रबरी कापड, वर हलकं पाणीरोधक, आत टिचबटणांनी काढता-घालता येणारी रजई. उन्हाळ्यात ती काढायची, थंडीत दोन लावायच्या. त्यातला त्याचा खरा अभिमान म्हणजे टोपरं. स्लीपिंग बॅगमध्ये पावसासाठी तोंड झाकलं की श्वासाची वाफ आतच जमते आणि माणूस आपल्याच वाफेने भिजतो. मिलिंदने मोडक्या छत्रीच्या काड्या वाकवून तोंडावर एक छोटी कमान केली आणि तिच्यापुढे कौलारू घराच्या पडवीसारखी उतरती झालर सोडली. वाफ झालरीखालून बाहेर, पाऊस झालरीवरून खाली. हे टोपरंही टिचबटणांवर बसायचं. पहिल्यांदा ते पूर्ण शिवून झालं आणि हा त्यात शिरून हॉलमध्ये आडवा झाला, तेव्हा त्याची बायको, संगीतावहिनी, चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. मला म्हणाल्या, ‘भाऊजी, हे बोचकं धोब्याला द्यायचंय का?’ तेव्हापासून त्या बॅगेचं नाव बोचकं पडलं. मिलिंद आतून ओरडला होता, ‘हस, हस! एक दिवस तूच झोपायला मागशील.’

माझं काम शिवणींचं होतं. कापड कितीही चांगलं असलं तरी सुई जिथून जाते तिथे भोक पडतं. त्यावर आतून पट्टी चिकटवावी लागते आणि त्याचं गरम हवेचं मशीन आमच्या कारखान्यात होतं. सरळ शिवणी मशीनवर झपाझप होतात. पण मिलिंदने पायाकडचा भाग गोल ठेवला होता, पावलं उभी राहावीत म्हणून, आणि गोल शिवणीवर मशीन चालत नाही. तिथे पट्टीचे बारीक तुकडे कापून इस्त्रीने एकेक बसवायचे, कंटाळवाणं काम. आणि शेवटी परीक्षा असते. वस्तू उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, तोंड वर ठेवून टांगायची, तिच्यात पाणी भरायचं आणि वाट बघायची. कुठे थेंब दिसला तर तिथे परत. मिलिंदने बॅग देताना दोनदा बजावलं होतं, ‘पाणी भरून बघ हां. नुसतं बोट फिरवून सोडू नको.’

त्या संध्याकाळी मॅच होती, मित्राकडे सगळे जमणार होते. हे एक कारण. दुसरं कारण मला बरीच वर्षं स्वतःशीसुद्धा कबूल करता आलं नाही. ग्रुपमध्ये जिकडे तिकडे मिलिंदच्या बोचक्याचं कौतुक चाललं होतं आणि मला त्याचा थोडा कंटाळा आला होता… पायाकडचे तुकडे मी भराभर ठेवले, वरून इस्त्री फिरवली. दिसायला चिकटलेलं दिसत होतं. घडी घातली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याने विचारलं, ‘भरून बघितलंस?’ मी म्हणालो, ‘बघितलं रे. एक थेंब नाही.’

भर पावसाळ्यात आम्ही माळशेजच्या बाजूच्या एका पठारावर गेलो. ट्रेकिंगचं सामान विकणारे एक गृहस्थ त्याने मुद्दाम सोबत आणले होते. त्यांनी पसंती दिली असती तर बोचकं दुकानात गेलं असतं. आम्ही सगळे कातळातल्या गुहेत, मिलिंद एकटा बाहेर, धो धो पावसात. उजाडल्यावर चेन उघडून तो बाहेर आला तेव्हा गुडघ्यांपर्यंत निथळत होता आणि त्याची दातखीळ बसली होती. कुणीतरी म्हणालं, ‘काय मिल्या, टबबाथ?’ आणि गुहेत हशा पिकला. मीही हसलो. त्या गृहस्थांनी बॅगेत हात घालून बघितलं आणि जाणकाराच्या आवाजात म्हणाले, ‘श्वासाचं पाणी आहे हे. सगळ्यांचं इथेच अडतं. म्हणून तर लोक तंबू घेतात.’ मिलिंदने बॅग उलटी केली, बराच वेळ आतून चाचपली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘नंद्या, शिवणी पक्क्या होत्या ना? भरून बघितलं होतंस ना?’

टोपरं आतून कोरडं होतं आणि भिजले होते ते पाय. मला त्याच क्षणी कळलं. एवढं म्हटलं असतं, ‘नाही रे, राहिलं,’ तर त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या, पुढच्या शनिवारी शिवण परत केली असती आणि आम्ही दुसऱ्या पठारावर गेलो असतो. पण समोर ते गृहस्थ होते, बाकीचे सगळे ऐकत होते. मी म्हणालो, ‘बघितलं म्हणजे काय! माझा धंदा आहे तो.’ त्याने मान डोलावली. ‘मग माझ्याच टोपऱ्यात गडबड आहे,’ म्हणाला… आणि विषय संपला.

माझ्यापुरता संपला, त्याच्यापुरता सुरू झाला. पहिलं टोपरं काढून त्याने दुसरं केलं, मग तिसरं. वाफ जास्त बाहेर जावी म्हणून भोकं मोठी करत गेला आणि मग खरोखरच तोंडावर पाऊस यायला लागला. जाळी लावून बघितली, झालर उलटी करून बघितली. दर पावसाळ्यात गच्चीवर जाऊन झोपायचा. सोसायटीत तक्रार गेली की हा माणूस पाण्याच्या टाकीजवळ काय करतो. मी मुलुंडला राहायला गेलो होतो. लांब पडतं, मुलीची शाळा आहे, असं सांगून टाळायला लागलो. त्याचे फोन येत, ‘नंद्या, ये ना रविवारी, डोकं लावू या,’ आणि मी जात नसे. त्याला वाटलं असेल, मित्र संसारात अडकला.

आमची शेवटची भेट घाटकोपरला एका लग्नात झाली. केस पांढरे झाले होते, उत्साह तसाच होता. जेवणाच्या रांगेत हातात रिकामी प्लेट घेऊन तो म्हणाला, ‘ऐक, एक गोष्ट मला किती वर्षं छळत होती. श्वास डोक्याशी आणि पाणी पायाशी, हे कसं काय? आता लक्षात आलं यार. गरम वाफ आतल्या आत सरकत पायाकडे जाते, तिथे गार जमीन, गार कापड, तिथेच तिचं पाणी होतं. पटतंय?’ मागचे लोक पुढे सरका म्हणून ढकलत होते. त्याने प्लेट उलटी धरून तिच्यावर बोटाने वाफेचा रस्ता काढून दाखवला. माझ्या एका खोट्याला जागा करून द्यायला त्याने अख्खा सिद्धांत उभा केला होता. शंका घेण्यासारखी एकच गोष्ट होती, माझा शब्द, आणि तो त्याने तपासायलाच घेतला नव्हता… मी म्हणालो, ‘पटतंय.’ तो खूश झाला. ‘मग ये एकदा. या पावसाळ्यात करूनच टाकू.’

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, श्रद्धांजली वाहायला, मी कांदिवलीला गेलो. माणसं पांगल्यावर वहिनींनी माळ्यावरून बोचकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. ‘तुम्ही न्या, भाऊजी. हे नेहमी सांगायचे, यातलं माझं सगळं चुकलं असेल, पण नंदूच्या शिवणी पक्क्या आहेत.’ ते ओझं घेऊन मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी बॅग उलटी केली, बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला टांगली आणि बादलीने पाणी ओतलं. बायको म्हणाली, ‘अहो, हे काय? दांडी तुटेल!’ बाकीच्या शिवणी कोरड्या होत्या. गोल शिवणीवर मात्र एक थेंब जमला, मग दुसरा, मग धार लागली. जे काही मिनिटांत दिसतं, ते मी इतकी वर्षं बघितलं नव्हतं. जुन्या पट्ट्या खरवडून मी कारखान्यात तुकडे कापले, एकेक बसवले आणि परत पाणी भरलं. या वेळी पाणी संपूर्ण दुपार आतच राहिलं. आतल्या कप्प्यात मिलिंदचं पहिलं टोपरं गुंडाळून ठेवलेलं सापडलं. छत्रीच्या काड्या किंचित गंजल्या होत्या. मी ते जागेवर बसवलं.

कांदिवलीला गेलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. पण वहिनींनी दार उघडलं आणि धीर गेला. तोंडातून एवढंच निघालं, ‘हे दुरुस्त केलंय.’ त्या म्हणाल्या, ‘दुरुस्त? म्हणजे मोडलं होतं का काही?’ मी चपला काढत राहिलो. बाहेर जोराचा पाऊस होता. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, ‘चला वर. बघू या तरी.’ गच्चीवर मी म्हटलं, थांबा, मी आत जातो. ‘तुम्ही मावायचे नाही. ह्यांच्या मापाचं आहे ते, आणि तुमचं पोट बघा जरा. इतकी वर्षं बोचकं बोचकं म्हणून हसले, एकदा आत जाऊन बघते.’ ओढणी कमरेला बांधून त्या आत शिरल्या, मी चेन लावली, टोपरं सारखं केलं आणि टाकीच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो. पाऊस झालरीवरून दोन्ही बाजूंना ओघळत होता. पायाकडच्या गोल भागाभोवती पाण्याचं तळं झालं होतं.

मग आतून आवाज आला, ‘भाऊजी, आभाळ दिसतंय हो यातून… ह्यांनी कधी सांगितलंच नाही.’ थोड्या वेळाने, ‘वाफबिफ काही नाही. आणि पाय अगदी कोरडे आहेत.’ पुढचा प्रश्न येणार हे मला कळलं, आणि तो आलाच. ‘मग ह्यांचे का भिजले होते?’

मी पत्र्याखालून बाहेर आलो. त्यांच्या शेजारी, त्या साचलेल्या पाण्यातच बसलो. झालरीखालून त्यांचे डोळे तेवढे दिसत होते.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पायाकडची शिवण मी अर्धवट सोडली होती. पाणी भरून बघितलं म्हणालो, पण बघितलं नव्हतं. तो विचारत राहिला आणि मी खोटं बोलत राहिलो. मला माफ करा… मिलिंद, माफ कर रे मला.’