राइस मिलच्या अंगणातली टीम

गोष्टी माझ्यापाशी आपणहून येऊन बसतात. मीच काय ती बसत नाई! वडशाच्या आमच्या राइस मिलची पोरींची बास्केटबॉल टीम आहे, खेळायचा पगार मिळतो पोरींना. सैपाक माझ्याकडे, आणि कॅप्टन प्रज्ञा माझी नात.

*

टीम खेळू लागली मिलच्या सिमेंटच्या अंगणात. तिथं धान वाळतं. इकडं रिंग, तिकडं धानाचा ढीग. बॉल ढिगात गेला की फसतो, उसळतच नाई! बाहेरून खेळायला आलेल्या टीमच्या सरांनी विचारलं, "हे काय?"

प्रज्ञा म्हणाली, "आमची आऊट लाइन!"

*

पहिल्यांदा नागपूरला गेलो. पोरी लाकडी कोर्टवर अनवाणी, नवे बूट दाराशी ओळीनं! धान वाळवायच्या जागी चप्पल घालून जायचं नाई, ही लहानपणची सवय.

रेफरी ओरडला, "बूट घाला!"

आमच्या टीममधली एटापल्लीची मैनी म्हणाली, "इतकी चकचकीत जमीन, साहेब! तुमीच काढा ना तुमचे."

त्यानं खाली पाहिलं, अन् लेस सोडायला वाकलाच की!

*

मॅच चालू झाली की मी लाइनीच्या कडेनं फेऱ्या मारते. एकदा रेफरी आमच्या सरांना म्हणाला, "आजींना बसवा."

सर म्हणाले, "मी कधीचा बसवून राह्यलो. तुमी बसवून दाखवा!"

*

मग टीम हरतच गेली. मिलचे सेठ पोरींच्या पंगतीत जेवायला बसले अन् म्हणाले, "रविवारची मॅच हरलात, तर टीम बंद."

प्रज्ञाचा घास हातातच राहिला. मी सेठच्या ताटात भात वाढत सुटली.

"आजी, पुरे!"

"माझं पुरे झालं नाई अजून, सेठ!"

*

रविवारी सारं वडसा मिलच्या अंगणात. शेवटी आम्ही एका पॉइंटनं मागे. प्रज्ञानं लांबून बॉल फेकला. आत! शिटी वाजली. जिंकलो!

पण आमचं गाव हिवाळाभर नाटकं पाहणारं. आवडलं, की पुन्हा करून दाखवायलाच लावतात. सारे ओरडले, "वन्स मोअर!"

रेफरी हात जोडून राह्यला, "मॅच संपली ना, भाऊ!" ऐकतं कोण? कोणी जागचं हलेना.

प्रज्ञा परत त्याच जागी गेली. फेकला. रिंगला लागून बाहेर!

साऱ्यांनी सेठकडं पाहिलं. मी त्यांच्या खुर्चीमागं येरझारा घालून राह्यली होती, तिथंच थांबली.

सेठ उठले. दोन्ही हात तोंडाशी धरले अन् ओरडले, "वन्स मोअर!"