इंदूरचा पाहुणचार आणि माझं तिसरं प्रकरण

इंदूरला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक लॅपटॉप आणि पीएच.डी.चा सगळा जीव होता.

चिनी शब्दाआधी त्यातलं एक चिन्ह क्षणभर चमकवलं, तर वाचणारा तो शब्द लवकर ओळखतो, असं माझं म्हणणं. मागच्या वर्षी इथल्या सुषमाताईंच्या चिनी वर्गात ते झकास दिसलं. पुण्यात मात्र दोनदा करूनही काही दिसेना. पीएच.डी.चे माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "इंदूरला पुन्हा दाखव, नाहीतर तिसरं प्रकरण काढ."

मागच्या खेपेला मी लॉजवर उतरलो होतो. या वेळी ताईंनी हट्टानं सुदामा नगरला घरी नेलं. रविवारची सकाळ. पोह्यांवर जीरावन (भुरभुरायचा आंबटतिखट मसाला), बाजूला गरम जिलेबी. टेबलाभोवती त्यांचे आठ विद्यार्थी, सगळे सांवेर रोडच्या कारखान्यांतले. चिनी यंत्रांबरोबरची पुस्तकं वाचता यावीत म्हणून ही भाषा शिकणारे. प्रत्येकाच्या हातात पत्ते होते. एका बाजूला चिन्ह, दुसऱ्या बाजूला शब्द.

मी जिलेबी खाली ठेवून एक पत्ता उचलला. त्या माझ्याच प्रयोगातल्या जोड्या होत्या! शब्द फार अवघड नाहीत ना, एवढं बघायला मी ताईंना मागच्या वर्षीसारखीच यादी आधी पाठवली होती.

"ताई, हे काय?"

"अरे बेटा, तू इतक्या दुरून येणार, आणि ही मंडळी अटकली तर कैसा लगेगा? मागच्या वेळी पण मी पक्की तैयारी करवली होती ना!"

राग यायला हवा होता, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून मला हसूच फुटलं. मग मी त्यांना समजावलं, की जोड्या आधीच पाठ असतील तर चिन्ह दिसताच शब्द आठवणारच, म्हणजे मागच्या वर्षी दिसली ती पाठांतराची करामत, माझ्या म्हणण्याचा पुरावा नव्हे. त्यांनी कपाळावर हात मारला.

लॅपटॉपमध्ये कोणीही न पाहिलेली दुसरी यादी होती. दुपारी ती लावली. चिन्ह चमकवा, नका चमकवू, शब्द ओळखायला वेळ तेवढाच.

"भिया, आम्ही फेल झालो काय?" एका फिटरनं घाबरत विचारलं.

"तुम्ही नाही हो, मी!" मी म्हणालो. सगळे हसले, पण ताई काही हसल्या नाहीत.

निघताना त्यांनी शेवेचा पुडा हातात कोंबला. "सगळं खरं लिहून टाक बेटा. गलती माझी होती, तेही लिही."

पुण्यात पोचल्यावर तिसरं प्रकरण पुसलं आणि त्या जागी पत्त्यांची हकिगत लिहिली. यादी मीच पाठवली होती, म्हणून चूक माझ्या नावावर घातली. सरांनी वाचून फोन केला, "हे ठेव." दोन वर्षांची मेहनत गेली याचं वाईट वाटलंच. पण त्या दिवशी भूक मात्र कडकडून लागली, आणि ताईंची शेव एका बैठकीत संपली.