बिनहॉर्नची फियाट

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त खवचट कॉमेंट टाकायला यायचो, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. कुणी पांढरी साडी दिसली म्हटलं की मी लाँड्रीचा पत्ता विचारायचो. कोल्हापुरात माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि माझी श्रद्धा एवढीच — गाडी बंद पडली म्हणजे बिघाड असतो, आणि शोधला की सापडतो. आजही तसंच मानतो. फक्त एक बिघाड काही केल्या सापडलेला नाही, म्हणून हे लिहितोय...

आम्ही उचगावला राहतो. मी, बायको सुनीता आणि एकुलती एक लेक अस्मिता. सुनीताचा भाऊ दिलीप कोल्हापूरला असतो. अस्मिता शाळेत असताना या मामानं तिला शब्द दिला होता, "तुझी वरात डुक्कर फियाटमधनं निघणार, आणि ष्टेरिंगवर मी बसणार." डुक्कर फियाट म्हणजे ती जुनी, फुगऱ्या गालांची, मूळ इटलीच्या बनावटीची गाडी. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, गिअर स्टेअरिंगलाच. अस्मिताचं गारगोटीच्या मुलाशी जमलं आणि मामा-भाचीनं मला धरलं — आता फियाट शोधा. भाड्यानं आणू म्हटलं तर दिलीपला ते कमीपणाचं वाटायला लागलं.

मग आमचं शोधणं सुरू झालं. पुण्याच्या एका मालकानं 'विंटेज' हा एकच शब्द उच्चारला आणि अशी किंमत सांगितली की मी मुकाट्यानं फोन ठेवला. एक गाडी फोटोत नवरीसारखी नटलेली होती, प्रत्यक्ष बघायला गेलो तर आत कोंबड्या नांदत होत्या. शेवटी कबनूरला आमच्या खिशाला झेपेल अशी सापडली. बशीरभाई म्हणून एक गृहस्थ होते, ते गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. आयुष्यभर त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक नवरीला, मग ती कुठल्याही जातीधर्माची असो, याच गाडीतून सासरी पोचवलं. त्यांच्या बायकोला, चाचींना, गाडी भंगारात जायला नको होती.

दिलीप गाडीखाली शिरला होता. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळे चाची माझ्या कानाशी ओरडून बोलत होत्या.

"आमचं मालक नवरी घिऊन निघालं की वेशीवर गाडी थांबवायचंच. रुसलेला माणूस मांडवात येत न्हाय, पर वेशीपतूर येतोय, म्हणायचं. त्येची गाठ पडाय पायजे. तुमी बी थांबवा."

मी होय होय म्हणालो. गाडी विकत घेताना माणूस कशालाही होय म्हणतो.

आणि मग आमच्याकडे रुसवा झालाच. पत्रिका छापून आल्या त्या दिवशी मी उत्साहात फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. आमच्यात पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामाला, तीही अक्षता घेऊन, घरी जाऊन द्यायची. मी जाणारच होतो हो... पण त्याआधीच दिलीपचा फोन सुनीताला आला. "सख्ख्या मामाला व्हॉट्सॲपवर बोलावणं? त्येंना सांग, दारात गाडी आणून हॉर्न मारा, तवा येतो." मी पत्रिका घेऊन गेलो तर घराला कुलूप. परत गेलो तर तेच. मग मलाही राग आला. लेकीचं लग्न माझ्या घरात, आणि मीच किती वेळा जायचं?

त्याच सुमारास गाडीचा हॉर्न जळला. तो मी काढून दुकानात आणला. तसला अस्सल मिळेना, दुसरा बसवायला मन होईना. म्हटलं, वरातीला बँजो पार्टी आहे, हॉर्न कशाला लागतोय! हॉर्न माझ्या दुकानातल्या फळीवर राहिला, हे नीट लक्षात ठेवा.

लग्न दारातल्या मांडवात लागलं. अस्मिताच्या पाठीशी लांबचा एक मामा उभा होता. अक्षता पडेपर्यंत पोरीची नजर रस्त्यावर होती. फियाट सकाळपासून मांडवासमोर उभी, फुलांच्या माळा लावलेली, सगळ्या पावण्यांच्या डोळ्यांदेखत. ती जागची हललेली नाही.

पाठवणीला स्टेअरिंगवर मीच बसलो. शेजारी सुनीता, मागे अस्मिता आणि जावई. वेशीवर थांबायचं वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. नेमकी वेशीपाशी गाडी दोन गचके देऊन बंद पडली.

बॉनेट उघडलं. पेट्रोल येत होतं, करंट येत होता, प्लग कोरडे ठणठणीत होते. दुसऱ्याची गाडी असती तर मी म्हणालो असतो, काही झालेलं नाही, मार स्टार्टर. मारला, पण ती ढिम्म. व्याही मागच्या गाडीतून उतरले. "पावणं, उशीर व्हाय लागलाय. पोरीला आमच्या गाडीत बसवूया की."

अस्मिता म्हणाली, "नको. थोडं थांबूया." मामा येईल या आशेवर पोर अजून होती, म्हणून मी पाना घेऊन परत बॉनेटमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात मागून एक स्कूटर आली. डोक्याला फेटा, अंगात कोट... दिलीप!

"दाजी, ह्ये काय वागणं म्हणायचं? दारात हॉर्न मारलासा आणि मी बाहेर येस्तवर गाडी घिऊन पसार?"

"कुणाच्या दारात?"

"माझ्या! चपला घालस्तवर तरी थांबायचं की. शेजारच्या वैनीनं बी ऐकला, म्हणाली, बोलवाय आल्यात, आता जावा. मांडवात पोचलो तर तुमी निघालेला."

माझ्या हातात पाना तसाच राहिला. मी तोंड उघडणार, तोच सुनीतानं माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. हॉर्न कुठे आहे ते तिला माहीत होतं.

"घाई झाली, पावणं," मी म्हणालो. "चुकलं आमचं. बसा ष्टेरिंगवर."

दिलीप बसला. अस्मितानं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दिवसभर कोरडी राहिलेली पोर तिथे रडली. "उशीर केलास, मामा."

"वेशीपतूर तर आलो न्हवं?" म्हणत त्यानं स्टार्टर मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी त्यात काहीही केलेलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

पुढे पेढे घेऊन कबनूरला गेलो. गाडी वेशीवर बंद पडली, एवढंच मी सांगितलं. चाचींना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "कोण आलतं मागनं?"

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दिलीप गाडी परत घेऊन आला होता. "दाजी, हॉर्न बघा की जरा. गारगोटीपतूर दाबून दाबून बोट दुखाय लागलं, पर वाजंना. काल माझ्या दारात तर झकास वाजत होता."

"वायर सुटली असेल," मी म्हणालो.

तो हॉर्न अजून माझ्या दुकानात आहे, जळलेला. दुरुस्तीला टाकावा असं मनात येतं, पण हात होत नाही. शेजारच्या वहिनींनाही मी सहज म्हणून विचारून आलो. त्या म्हणाल्या, वाजला की, चांगला लांबलचक. तुम्हांला काही सुचत असेल तर खाली लिहा, मी यावेळी खवचटपणा करणार नाही.

दिलीप मात्र आता येईल त्याला कौतुकानं सांगतो, आमचं दाजी कितीबी तापट असूदेत, लेकीच्या लग्नादिवशी स्वतः गाडी घेऊन मला बोलवाय आलं. मी खाली मान घालून ऐकतो. कारण मी गेलो नव्हतो. माझ्या वतीनं जो कोणी गेला, त्यानं माझं काम केलं.