सलमाच्या गाण्यातली अनोळखी कॉर्ड

"मॅडम, दुसऱ्या ओळीत नक्की काय वाजवायचं?" कीबोर्डवाल्या निनादने तिसऱ्यांदा विचारलं.

नारायण पेठेतला तो स्टुडिओ आम्हाला एकपर्यंतच मिळाला होता आणि साडेबारा वाजून गेले होते. मी गिटार शिकवते आणि रेकॉर्डिंगसाठी चार्ट लिहून देते, म्हणजे कोणत्या शब्दावर कोणती कॉर्ड हे कागदावर मांडते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर. सलमाने स्वतः रचलेल्या पहिल्यावहिल्या गाण्याचा, गिटार वाजवत गातानाचा व्हिडिओ पाठवला होता. दुसऱ्या ओळीत तिची बोटं सरळ ए मायनरवर दिसली, मी ए मायनर लिहिलं. कानाला जरा खटकत होतं, पण फोनच्या माईकवर खापर फोडून मी मोकळी झाले.

आता कीबोर्ड आणि बेस तेच वाजवत होते आणि सलमा नेमकी तिथेच अडखळत होती.

"हे माझं गाणं नाहीये," ती म्हणाली. एरवी कसब्यात भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना पुरून उरणारी मुलगी, रडायचीच बाकी होती.

प्रोड्यूसर म्हणाले, "ती वाजवते त्या कॉर्डचं नाव सापडत नसेल तर ए मायनरच ठेवू. ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"ऐकणाऱ्याला कळतं हो. चार्ट लिहिणाऱ्याला कळलंय का, ते बघा," बेसवाले देशपांडेकाका शांतपणे म्हणाले.

मला बसवेना. उठून सलमाजवळ गेले आणि तिला एकेक तार वेगळी छेडायला लावली. सगळ्यात जाड तारेवर एफ शार्प निघाला. बोटं तर तिथे नव्हतीच. तिने अंगठा गिटारच्या दांडीमागून वर आणून ती तार दाबली होती. बावीस वर्षं मी मुलांना "अंगठा मागे" म्हणून ओरडतेय. व्हिडिओत तो दिसत होता, पण मी तो मोजलाच नव्हता.

सूर लिहिले: एफ शार्प, ए, सी, ई. नाव शोधताना सूर एकाआड एक रचता येतात का ते बघायचं. आले. तळाशी एफ शार्प, म्हणून नाव एफ शार्प हाफ डिमिनिश्ड. आधीची कॉर्ड जी, पुढची एफ. तिचा बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, पायरी पायरीने उतरत होता आणि मधली पायरी मीच काढून टाकली होती. फार लाज वाटली.

"चूक माझी," मी सगळ्यांना सांगितलं आणि चार्ट बदलला. पुढच्याच टेकला सलमा सरळ गाऊन गेली. एकला पाच कमी होते.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मॅडम, अंगठा असा धरणं चूक आहे ना?"

"परीक्षेत," मी म्हटलं.

आता क्लासमध्ये कुणाचा हात सरळ करायच्या आधी, तो काय वाजवतोय ते मी ऐकून घेते.