तिवसकुंड्यांचं एकच घर

मंठ्याच्या स्टँडवर ज्यांनी कधी रोज गाडीची वाट पाहिली असेल, त्यांना तो आवाज आठवत असेल. "परतूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. जागा धरण्यासाठी प्रवाशांनी खिडकीतून रुमाल टाकू नये." मग भोंगा जरा खरखरायचा आणि तोच आवाज, त्याच सरकारी सुरात पुढं म्हणायचा, "तिवसकुंडे आडनावाचे कोणी प्रवासी असल्यास त्यांनी चौकशी खिडकीवर येऊन भेटावे."

नव्या माणसाला वाटायचं, कोणाचं तरी पोरगं हरवलंय. आम्ही रोजचे पासवाले गालात हसायचो. कोणी यायचं नाही. जिंतूरची गाडी लागायची, जालन्याची लागायची, मेहकरची लागायची, आणि प्रत्येक गाडीमागं ते तिवसकुंडे. एकदा कॉलेजच्या पोरांनी पैज लावून आपल्यातल्या एकाला खिडकीवर पाठवलं. "मी तिवसकुंडे," तो म्हणाला. खिडकीतले काका उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, आतली खुर्ची पुसून पुढं केली. त्या पोराचं तोंड उतरलं. काकांनी ते पाहिलं आणि खुर्ची परत जागेवर ठेवली. "चेष्टा करायची तर कर रे बाबा," ते म्हणाले, "पण दुसऱ्या आडनावाची कर."

भोंग्यावरचा आवाज काकांचा, आणि हे काका स्वतःच तिवसकुंडे. एस.टी.त वाहतूक नियंत्रक. खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी, म्हणून सगळे त्यांना चौकशीकाका म्हणत. मी जवळच्या खेड्यातून मंठ्याला कॉलेजला यायची. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी कुठंही सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. त्या पदवीचा निम्मा अभ्यास काकांच्या खिडकीसमोरच्या बाकड्यावर झाला. तिथं पंखा होता, आणि काकांसमोर पोरं टवाळकी करत नसत.

आपल्याकडं ओळख झाली की लोक आडनाव विचारतात. ते कशासाठी विचारतात हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. आम्ही बौद्ध. माझं आडनाव ऐकलं की समोरच्याचं काम होतं, तो पुढं काही विचारत नाही. काकांनी मात्र विचारलं. "किती घरं तुमची?"

मी म्हटलं, "गावात गल्ली भरून. परतूरला आहेत, जालन्याला आहेत. आता पुण्याला पण गेलीत."

काका म्हणाले, "श्रीमंत हाईस बाई तू."

घरी हे सांगितलं तर आई हसून हसून बेजार. "त्या मानसाला म्हनावं, ये अन् चार घरं घेऊन जाय. एक चुलती तर आजच ने."

काकांचं आडनाव ऐकून मात्र लोकांचं काम होत नसे. बदली झाली की खोली मिळायला वेळ लागायचा. घरमालक घुटमळायचे, "तिवसकुंडे म्हणजे, कोणत्यातले तुम्ही?" काका म्हणायचे, "मला कळलं की पहिलं तुम्हालाच सांगतो." ही काही थट्टा नव्हती. त्यांचे वडील लहान असताना कापसाच्या गाड्यांबरोबर परतूरच्या बाजारात आले होते. गाड्या गेल्या, पोरगं राहिलं. कोण, कुठला विचारलं तर त्यानं आडनाव तेवढं सांगितलं. गाव सांगता येईना, कुळातला देव सांगता येईना. एका शेतकऱ्यानं वाढवलं, त्याच्याच नात्यातली मुलगी करून दिली. पण आडनाव त्यानं आपलं सोडलं नाही.

तेव्हापासून तिवसकुंड्यांचं एकच घर. काका कधी म्हणत, तिवसाच्या झाडांत कुंड असलेलं एखादं गाव असणार, आपण तिथले. कधी म्हणत, कुंडाचे राखणदार असू. पण त्या नावाचं गाव त्यांना कोणत्याच गाडीच्या पाटीवर दिसलं नव्हतं, आणि गाड्यांच्या पाट्या त्यांनी जन्मभर वाचल्या होत्या.

एकदा खिडकीसमोर दोन चुलतभावांचं बांधावरून जुंपलं. आधी बांध, मग विहीर, मग एकाच्या आजोबानं दुसऱ्याच्या आजोबाला लग्नात कसं पंगतीच्या शेवटी बसवलं होतं ते. काका हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसले. मी म्हटलं, "काका, सोडवा की."

"राहू दे. कसं पार आज्यापासून काढून राह्यले बघ." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "भांडायला बी भावकी लागती."

त्या दिवशी जिंतूरची गाडी पुकारायची राहिली. माणसं धावत जाऊन मागच्या शिडीला लोंबकळली. साहेबांनी काकांना बोलावून झाप झाप झापलं.

भावकी त्यांना नेमकी कशाला हवी होती, ते मला पुढं कळलं. त्यांची बायको वारली तेव्हा शेजारी आले, रडले, भाकरी-पिठलं घेऊन आले. काही कमी पडलं नाही. पण तिन्हीसांजा झाल्या की प्रत्येकजण आपल्या घरी गेला आणि देवापुढं दिवा लावला. लावणारच. सुतक असतं ते भावकीला. भावकीत माणूस गेलं की दहा दिवस त्यांच्यातल्या कोणत्याच घरात देवाजवळ दिवा लागत नाही. "आख्ख्या मंठ्यात आमचंच देवघर तेवढं अंधारात व्हतं," काका म्हणाले. त्यांना एकच मुलगी, जालन्याला दिलेली. "लेकीचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी ती तिच्या घरची. मंग माझ्यामागं पुढचे दिवस कोन धरंल?"

आमच्यात सुतक पाळत नाहीत. मला हे सगळं जुनाट वाटलं आणि मी तोंडावर सांगितलं. "काका, मेल्यावर काय फरक पडतो?"

"मेल्यावर न्हाईच पडत," ते म्हणाले. "आत्ता पडून राह्यला."

दुसऱ्या वर्षाला मामानं मला मोबाइल घेऊन दिला. मी त्यात 'तिवसकुंडे' टाकलं आणि फोन खिडकीतून आत दिला. सुरतेत एक पोरगं निघालं, काळा चष्मा लावून मोटारसायकलवर बसलेलं. हैदराबादेत एक बाई. आणि मेहकरच्या पलीकडं एका गावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान, पाटीवर 'तिवसकुंडे वायंडिंग'. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुरतेच्या पोराचा फोटो मोठा करून करून त्याचं नुसतं नाकच पडद्यावर उरलं. "माझ्या बापाचं नाक बराबर असंच व्हतं," ते म्हणाले. मी त्या पोराला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'पॉलिसी नको आहे.' हैदराबादच्या बाईनं उत्तरच दिलं नाही. राहिलं मेहकरकडचं घर. ती मेहकरची गाडी काका रोज पुकारत होते.

फोन करायला त्यांनी नको म्हटलं. "भावकीत फोन करून जात न्हाईत. तोंड दाखवावं लागतं." मुलीला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून म्हणाले, "तू चल. तुला बोलता येतं." आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा विचारायला घरी आलेल्या काकांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि डब्यात दोघांच्या भाकरी बांधून दिल्या.

काकांनी नवा शर्ट घातला होता. पिशवीत पेढे आणि टॉवेल-टोपी. गाडीत प्रवासी म्हणून बसणं त्यांना जमेना. प्रत्येक स्टँड आला की त्यांचे ओठ हलायचे, मनातल्या मनात गाडी पुकारायचे. लोणार गेलं तसे ते पिशवीतले पेढे पुन्हा पुन्हा चाचपायला लागले.

पत्र्याच्या शेडमध्ये पन्नाशीचा एक माणूस मोटारीत तांब्याची तार भरत होता. "कोन पाह्यजे?"

"तिवसकुंडे आपणच का?" काकांनी विचारलं.

"हो."

"मी बी तिवसकुंडे," काका म्हणाले. हे वाक्य त्या आडनावाच्या माणसाला ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. त्याचा हात थांबला. त्यानं आम्हाला घराच्या ओसरीवर नेलं, चहा सांगितला. काकांनी बापाची सगळी हकीकत सांगितली, कापसाच्या गाड्यांपासून. तो ऐकत होता, पण ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. दोन्ही पोरं येऊन दाराला टेकली.

"सात-बारा हाय का काही संगं?" त्यानं विचारलं.

"कशाचा?"

"नाही, म्हंजे हिस्सा-गिस्सा म्हनसान तर आधीच सांगतो. वावर आमच्या आज्यानं सोता घेतलेलं हाय. त्याले भाऊ नोता."

"मला वावर नको," काका म्हणाले.

"मंग कायले आले?"

जन्मभर माइकवर बोललेला माणूस, पण माझं सुतक धरा असं परक्याच्या ओसरीवर बसून कसं म्हणायचं? ते पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत बसले. दोरी सुटेना.

"अन् हे कोन?" त्यानं माझ्याकडं हात केला. मी माझं पूर्ण नाव आडनावासकट खणखणीत सांगितलं. मग तर त्याला आमचा मेळच लागेना.

तेवढ्यात आतल्या बाजेवरून त्याच्या म्हातारीचा आवाज आला. "याचं कपाळ पाह्य रे. मामंजीवानीच हाय. मामंजी सांगत, एक भाऊ गाड्यांमांगं गेला ते..."

"माय, तू गुमान पड," तो ओरडला.

पेढे त्यांनी ठेवून घेतले. टॉवेल-टोपी परत केली. आहेर परत करणं म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान लेकरालाही कळतं.

परतीच्या गाडीत माझा संताप मावेना. "म्हातारी धडधडीत सांगत होती काका, आणि त्यानं तिला गप्प केलं. काय माणसं आहेत!" काका खिडकीबाहेर बघत होते. वळून पाहते तर हसत होते.

"परक्याला कोनी हिश्श्याचं इचारतं का गं?" ते म्हणाले. "कसं भ्यालं ते! असं भ्यायला भाऊबंदच लागतो. बराबर घरी गेल्तो आपण."

दुसऱ्या दिवसापासून भोंग्यावरचं ते वाक्य बंद झालं. लोकांना चुकल्यासारखं वाटलं. चहावाला, कंडक्टर, पासवाले, सगळे विचारायचे, "काय काका, सापडले का तिवसकुंडे?"

"सापडले की. मेहकरकडं हाय घर."

"मग येणं-जाणं?"

"न्हाई, सध्या जरा वाकडं हाय," काका म्हणायचे. "भावकीत चालायचंच." हे सांगताना त्यांची मान अशी काही ताठ व्हायची, की लोकांना वाटावं याला मोठं घबाड मिळालंय. पण स्टँड रिकामा झाला की ते मेहकरच्या फलाटाकडं बघत बसायचे. दर दिवाळीला ते तिकडं फोन लावायचे. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. "कामात असंल," ते म्हणायचे.

मग ते निवृत्त झाले. मी बी.ए. झाले, जालन्यात नोकरीला लागले. ते फोनवर बोलायला लागले की सवयीनं मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे, जणू मी दूरच्या फलाटावर उभी आहे. "तुमची घरं किती झाली आता?" हा प्रश्न ठरलेला. माझ्या चुलतभावानं वेगळी चूल मांडली हे सांगितलं, तर तेही त्यांनी वाढच धरली.

या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच. नातवानं अग्नी दिला. तीन दिवस त्यांची मुलगी मंठ्यात राहिली. चौथ्या दिवशी सासरचं माणूस न्यायला आलं. ती दाराला कुलूप लावून त्या कुलपालाच धरून उभी राहिली. "आमच्याकडं असंच असतं गं," ती मला म्हणाली. मी कुठं काही बोलले होते? तिला गाडीत बसवून मी स्टँडवर तशीच थांबले.

आता तिथं यंत्रातली बाई गाड्या पुकारते. चुकत नाही, थांबत नाही, तिला कोणी सापडायचं राहिलेलं नाही. मी आमच्या जुन्या बाकड्यावर बसले. तिन्हीसांजेची वेळ. मेहकरची गाडी लागली आणि निघाली. मी मोबाइल काढून 'तिवसकुंडे वायंडिंग'चा नंबर लावला. काकांचा फोन कधी न उचलणाऱ्यानं माझा उचलला.

"शेतीचं काही नाही," मी आधी तेच सांगितलं, त्यानं फोन ठेवू नये म्हणून. "मी मंठ्याहून बोलतेय. तिवसकुंडे वारले. तुम्हाला कळावं, एवढंच."

तिकडं मोटार घरघरत होती. ती बंद झाली. मला वाटलं, ठेवला फोन.

"आज कितवा दिवस?" त्यानं विचारलं.

"चौथा."

मग तो माझ्याशी बोललाच नाही. फोन कानापासून दूर गेला असावा, पण त्यानं घरात दिलेली हाक मला नीट ऐकू आली.

"अवो, देवापाशी दिवा नका लावू."

"काहून?" बाईचा आवाज आला.

"भावकीतलं मानूस गेलं."