नानांची लाइन गेली कुठं?

अरे थांब, सायकल लाव स्टँडला आणि आधी ऐक, परवा आमच्याकडे काय झालं ते! आमच्या जळगावच्या गल्लीतले किस्से तुला माहीतच आहेत. गटारीसारखे तुंबत जातात आणि एकदा सुटले की आवरत नाहीत. पण हे म्हणजे कळस!

अक्काचं लग्न जमत आलेलं. मुलाकडचे धुळ्याचे. मुलाचे वडील, आबा, रविवारी घर बघायला येणार. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, त्यांना पत्रात दोनच गोष्टींची फुशारकी मारलेली. एक, आमच्याकडे फ्लशचा संडास आहे, गल्लीतला पहिला! दुसरी, शेजारच्या रतनशेठच्या परसातली भरताची वांगी. त्या वांग्यांची तर पत्राबरोबर टोपलीच पाठवलेली.

आणि बुधवारी संडास तुंबला!

*

आता पाईप जमिनीखालून कुठं जातो, कोणालाच माहीत नाही. नाना म्हणाले, "घाबरू नका, माझ्याकडे नकाशा आहे!" ट्रंकेतून एक जुनी लग्नपत्रिका काढली. तिच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'म्हशीपासून सात पावलं.'

आई म्हणाली, "अहो, म्हैस विकून नऊ वर्षं झाली!"

*

तोवर आम्ही रोज पहाटे डबा घेऊन नाल्यापलीकडे. नाना मात्र आमच्यात येत नसत. वीस पावलं मागं, आभाळ कोरडं ठणठणीत, आणि तोंडापुढं छत्री उघडलेली. गल्लीतले पहिले फ्लशवाले ना!

*

गुरुवारी नानांच्या ओळखीचे एक रिटायर्ड ओव्हरसियर आले. दोन कप चहा प्याले, मग बगलेतला नगरपालिकेचा जुना नकाशा पसरला. चष्मा पुसून पुसून पाहिलं.

"नाना, यात तुमचं घरच नाही. या नकाशाप्रमाणे तुम्ही शेतात राहता."

"बरं, पण संडासाची लाइन?"

"शेतात लाइन कशाला लागते?"

*

शुक्रवारी नानांनी पाणाड्या आणला. तोच, विहिरीची जागा दाखवणारा. नानांचं लॉजिक असं की पाणी ते पाणी! तो तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणात फिरला. तुळशीजवळ नारळ खाडकन उभा! नानांनी स्वतः कुदळ मारली.

काय कारंजं उडालं म्हणून सांगू! आमच्या प्यायच्या नळाचा पाईप फुटला होता.

पाणाड्या नारळ पिशवीत टाकत म्हणाला, "पाणी दाखव म्हणलात, दाखवलं. कुठलं ते बोलला नव्हतात!"

अक्का रडवेली. "आता घरात पाणी येतही नाही आन् जातही नाही!"

*

शनिवारी शेवटचा उपाय. ज्यानं लाइन टाकली त्या लोटन मिस्त्रीला दोंडाईच्याहून उचलून आणला. उतरताच छातीवर हात मारून म्हणतो, "बठ्ठी लाइन मन्हा डोकामा शे!"

म्हणजे सगळी लाइन याच्या डोक्यात! मग त्यानं लाइन दाखवली. आधी स्वयंपाकघराखाली, मग नानांच्या खाटेखाली, मग पुन्हा म्हैस विचारली!

शेवटी मीच वैतागून कपड्यांच्या निळीचं अख्खं पुडकं संडासात ओतलं आणि वरून शेजारून आणलेल्या बादल्यांवर बादल्या. पाणी हळूहळू उतरत होतं. तासाभरानं भिंतीपलीकडून रतनशेठ ओरडले, "नाना! मेरे बैंगन के नीचे सब नीला हो गया!"

सगळे मिस्त्रीकडे बघायला लागले. तो म्हणतो, "पाईप सरी गयात ना नाना, मंग तठेच सोडी दिन्ही लाइन."

म्हणजे पाईप संपले म्हणून भिंतीपलीकडे सोडून मोकळा! नऊ वर्षं! आणि नऊ वर्षं अख्खी गल्ली शेठच्या वांग्यांचं भरीत खाऊन बोटं चाटत होती. आई मटकन खालीच बसली. कोरे राहिले एकटे रतनशेठ. त्यांच्या घरात वांगं चालतच नाही! त्यांना नुसता लावायचा आणि वाटायचा शौक.

संध्याकाळपर्यंत मिस्त्रीनं पाईपाच्या तोंडातली वांग्यांची मुळं उपसली, आमच्या अंगणात शोषखड्डा घेतला आणि लाइन तिकडे वळवली. नळही सांधला. सुटलो म्हटलं!

*

रविवारी आबा आले. संडासाची साखळी तीनदा ओढून पाहिली. "वा!" मग जेवायला बसले. पंगतीला रतनशेठही होते, वरणभातापुरते. भरीत मी बाजारातून आणलेल्या वांग्यांचं. आबांनी एक घास घेतला आणि हात थांबवला.

"नाना, हे ते वांगं नाही."

"हे... बाजारातलं आहे आबा."

"तुम्ही धाडलेल्या वांग्यांचं भरीत खाऊन आमच्या घरात भांडणं झाली, शेवटचा घास कोणाचा म्हणून! ऐका. हुंडा नको, मानपान नको. लग्नाच्या पंगतीला तीच वांगी पाहिजेत. एवढी एकच अट!"

अक्का दाराआड कान लावून उभी.

शेठनी हात जोडले. "आबासाहेब, अब वैसे बैंगन नहीं होंगे."

"का बरं?"

शेठ नानांकडे बघायला लागले. नाना माझ्याकडे. मग आबाही माझ्याकडेच वळले. "तू शिकलेला दिसतोस. खरं सांग पोरा, काय होतं त्या वांग्यांत?"

आता तू सांग मित्रा, माझ्या जागी असतास तर काय बोलला असतास?